सव्विसावा कुकर

महादेवी माझी धाकटी बहीण. पाठचीच. आमच्यात पाच वर्षांचं अंतर हाय अन् ते मी तिला अजून विसरू देत न्हाई. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत 'संगमेश्वर कुकर-मिक्सर दुरुस्ती' अशी पाटी दिसंल, ते दुकान तिचं. पाटीवर नाव माझं, कारण संगमेश्वर मी. जागा मी बघितली, शटर मी बसवलं, पाटी मी रंगवून घेतली. काम ती करते.

मी आठवी शिकलोय, ती सातवी. तरी मोठमोठे इंजिनिअर लोक घरचा कुकर पिशवीत घालून तिच्यापुढं उभे राहतात अन् ती सांगंल ते मुकाट ऐकतात. असली बहीण लातूर जिल्ह्यात दुसरी कुणाला न्हाई. हे मी चारचौघात बोलतो, अन् हितंबी लिहितो.

आमचे अप्पा भांड्याच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नाव घालायचे. आपल्याकडं लग्नाला, वास्तुशांतीला भांडं द्यायचं म्हणल्यावर त्याच्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजेच. अप्पा छिन्नी अन् हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढायचे. महादेवी शाळेतून आली की त्यांच्याजवळ जाऊन बसायची. मी बसलो न्हाई, मला त्या टकटकीनं डोकं दुखायचं. अप्पांचे हात थरथरायला लागले तवा छिन्नी तिनं हातात घेतली. पुढं मशीन आली, नाव घालायचं काम गेलं, अन् ती कुकर खोलायला लागली. कुणी शिकवलं न्हाई. एक कुकर खोलला, दुसरा खोलला, दहावा खोलला तवा आली विद्या.

तिची रीत ठरलेली हाय. कुकर आला की झाकण उलटं करायचं, रबर काढायचं, शिट्टीच्या भोकातून उजेडाकडं बघायचं. चष्म्याची एक काडी मोडलीय, तिथं दोरा बांधलाय. नवा आणतो म्हणलं तर म्हणते, "ह्यातून दिसायलंय की." गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सारते अन् शेगडी पेटवते. दुरुस्त केलेल्या कुकरात पाणी घालून दोन शिट्ट्या ऐकायच्या, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. सोळा वर्षांत दोन शिट्ट्या झाल्याबिगर एकबी कुकर दुकानाची पायरी उतरला न्हाई.

अन् तिची वही. वहीत ती गिऱ्हाइकाचं नाव लिहीत न्हाई, भांड्यावरचं लिहिते. 'शरणप्पा यांच्या स्मरणार्थ, ३ लिटर, रबर.' 'आत्याकडून सप्रेम भेट, ५ लिटर, दांडा.' बायका कुकर ठेवून बाजाराला जातात अन् येताना घेऊन जातात. भांड्यावर नाव हायच, मग परत इचारायचं कशाला? अप्पांजवळ वाढलेल्या पोरीला भांडं ध्यानात राहतं, माणूस राहत न्हाई. मलाबी ह्यात काही चूक दिसली न्हाई.

सामान आणायचं काम माझं. पंधरा वर्षं नांदेडचे अमृतराव महिन्याला माल घेऊन यायचे. रबर, शिट्टी, दांडे अन् सेफ्टी वॉल्व. वॉल्व म्हणजे झाकणावर शिट्टीच्या बाजूला हरभऱ्याएवढं बटण असतं ते. त्याच्या मधी कच्चा धातू भरलेला असतो. शिट्टी तुंबली अन् कुकर लई तापला की तो धातू वितळतो, भोक पडतं, वाफ निघून जाते. वॉल्व जातो, माणूस राहतं.

फेब्रुवारीत अमृतरावांनी गुडघ्याचं ऑपरेशन केलं. दोन महिने येणं जमणार न्हाई म्हणले. मी म्हणलो, फिकीर करू नका. गल्लीत पहिला टच मोबाइल माझा. मी ऑनलाइन बघितलं. तीच कंपनी, तसाच डबा, पन्नासचं पाकीट, भाव निम्मा. खाली चांदण्या साडेचार. चार दिवसांत घरपोच. डब्यावर चमकणारं स्टिकर व्हतं, उन्हात धरलं की रंग बदलायचं. अमृतरावांच्या डब्यावर असलं स्टिकर मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मला हा माल जास्तच खरा वाटला.

महादेवीनं एक वॉल्व तळहातावर घेतला अन् वरखाली केला.

"अण्णा, हे हलकं लागायलंय."

"नवीन माल हाय. आता सगळंच हलकं निघायलंय. पहिला मोबाइल केवढा व्हता, आठव की."

"अमृतरावांना फोन लावून इचारू का?"

"अमृतराव काय कंपनीचे जावई हायत का? मी आणलाय म्हणल्यावर बघूनच आणला असंल न्हवं?"

तिनं वॉल्व परत डब्यात टाकला. थोरल्या भावाला दुसऱ्यांदा इचारायची तिला सवय न्हाई. ती सवय मीच लावलेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुकन्या आली. पलीकडच्या गल्लीत बालवाडी चालवते. बोलायला तिखट बाई. पिशवीतून कुकरचं झाकण काढलं अन् पुढ्यात ठेवलं. झाकण वाकडं झालेलं. दांडा नव्हताच.

"ताई, बघा."

"काय झालं?"

"पत्र्याला जाऊन धडकलं. पत्र्याला खळगा पडलाय. मी कपडे वाळत घालायला अंगणात गेलते म्हणून तुमच्यापुढं उभी हाय."

महादेवीनं झाकण उलटं केलं. शिट्टीचं भोक डाळीच्या सालपटानं गच्च. अन् शेजारचा वॉल्व जसाच्या तसा. तिनं बसवला तवा व्हता तसा, नवाकोरा. सुकन्याला तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग शेगडीवर छोटी कढई ठेवली अन् तेल ओतलं.

"भजी करायली का गं?" मी हसून म्हणलो. कुणी हसलं न्हाई.

तेल तापल्यावर तिनं जुन्या सामानातला अमृतरावांचा एक वॉल्व चिमट्यानं सोडला. थोड्या वेळानं त्याच्या मधला धातू पाऱ्यासारखा थेंब होऊन खाली बसला, बटणाला आरपार भोक. मग माझ्या पाकिटातला सोडला. तेल धुरायला लागलं तरी काही झालं न्हाई. दुसरा सोडला. तिसरा. पाच सोडले. पाचीच्या पाची दगडासारखे.

"म्हणजे ह्यात भरलंय तरी काय?" सुकन्यानं इचारलं.

"काय की. वितळणारं न्हाई, एवढं खरं."

"पण ताई, तुम्ही तर दोन शिट्ट्या ऐकून देता."

"शिट्ट्या झाल्या म्हणजे शिट्टी चांगली. हे बटण ज्या दिवशी शिट्टी वाजणार न्हाई त्या दिवसासाठी असतं. त्याची परीक्षा मी घेतलीच न्हाई." एवढं बोलून तिनं शेगडी बंद केली अन् वही काढली.

वहीतल्या नोंदी मोजल्या. सव्वीस कुकरांना माझे वॉल्व बसलेले. सुकन्याचा धरून सव्वीस. तिनं शटर अर्ध्यावर ओढलं. सगळे परत मिळाल्याबिगर दुकान उघडायचं न्हाई म्हणली. अमृतरावांना फोन तिनंच केला. ते मला काही बोलले न्हाईत. नांदेडहून एसटीच्या ड्रायव्हरकडं खऱ्या वॉल्वचा डबा पाठवून दिला, तेवढंच.

फटफटी माझी, पेट्रोल माझं, फिरलो मी. हे मी सांगणारच. सुकन्याचा धरून चार दिवसांत पंचवीस कुकर हाती लागले. बऱ्याच बायका गल्लीतल्याच, भांड्यावर त्यांच्याच माहेरच्यांची नावं. कुणी शिव्या घातल्या, कुणी चहा दिला. एकीनं दोन्ही केलं.

उरलेला माल परत पाठवून पैसे मागावेत म्हणून मी मोबाइल उघडला. विकणाऱ्याचं पानच गायब झालेलं. दुसऱ्या एका पत्त्यावर परत पाठवायची सोय दिसत व्हती. महादेवीनं माझ्या हातातून पाकीट घेतलं.

"परत पाठवलं तर ते दुसऱ्याच्या कुकरला बसतील, अण्णा."

तिनं अप्पांची हातोडी काढली अन् पायरीवर बसून एकेक वॉल्व ठेचला. टक, टक. मला ती टकटक सोसवंना. मी पान खायला गेलो.

राहिला सव्विसावा. वहीत लिहिलेलं: 'महादेवप्पा, किल्लारी यांजकडून. ५ लिटर. सेफ्टी.' तारीख मार्चमधली.

"कोण बाई व्हती?"

"बाई न्हाई आठवत. दांडा एका अंगाला जळलेला, ते आठवतंय. अन् शिट्टी झिजलेली. बदला म्हणलं, तर पोरीची परीक्षा होऊ द्या म्हणली."

तिला झोप लागत नव्हती ती त्या शिट्टीपायी. झिजलेली शिट्टी कधी ना कधी अडकणार, अन् त्या दिवशी वाफेला वाटच न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपनं किल्लारीला गेलो. निघताना तिनं पिशवीत पाच लिटरचं नवं झाकण, शिट्टी, रबर, खरा वॉल्व अन् हातोडी घेतली व्हती. स्टँडवर इचारलं तर पानवाल्यानं हसून रस्ता दाखवला, "कुकरवाले महादेवप्पा न्हवं का?" म्हातारा वसाहतीतल्या घरापुढं बाजेवर बसलेला.

"भूकंपात घर गेलं," आम्ही काही इचारायच्या आत तोच सांगायला लागला. "ढिगाऱ्यातून भांडी निघाली तवा नावावरून कळलं कुणाची ती. तवापासून बिननावाचं भांडं मी कुणाला देत न्हाई. चार पोरींच्या लग्नात चार कुकर दिले. नाव घालून."

महादेवीनं मान खाली घातली. तिला वाटलं व्हतं, भांड्यावर नाव किल्लारीचं म्हणजे भांडं किल्लारीत. भांडं देणारा किल्लारीत व्हता. भांडं नव्हतं.

"पाच लिटरचा कुणाला दिला, काका?"

"पाचाचा एकच. उमाला, माझ्या भाचीला. हदगावला दिलीय ती."

"मग लातुरात कशी आली?" मी म्हणलो.

"वर्षभर लातुरातच व्हती की! पोरीला डॉक्टरकीची शिकवणी. खोली करून राहिल्या दोघी. गेल्या महिन्यात परीक्षा झाली अन् बिऱ्हाड गुंडाळून गेल्या." मग डोळे बारीक करून म्हणाला, "कुकरात खोट हाय का? मी चांगल्या दुकानातून घेतलाय."

"कुकर चांगला हाय काका. खोट आम्ही घातलीय."

त्याच्याकडं एकच नंबर व्हता, उमाबाईच्या नवऱ्याचा, किशनरावांचा. बंद. लातूरला येईस्तोवर लावला, बंद. नांदेडच्या स्टँडवर लावला, बंद. हदगावच्या गाडीत जागा एकच मिळाली, ती मी तिला दिली. हातात पिशवी घट्ट धरून ती खिडकीबाहेर बघत बसली. मी म्हणलो, "अगं, ते वापरतबी नसतील. हिकडं चुलीवर करतात." ती म्हणली, "हाव." एवढंच.

हदगावला पोचलो तवा ऊन अजून व्हतं. देवळामागचं घर. उमाबाई अंगणात सूप घेऊन सोयाबीनचं बियाणं निवडत बसलेली.

"अगं बया! लातूरच्या कुकरवाल्या ताई न्हवं का? हिकडं कुठं?"

"कुकर कुठं हाय?" महादेवी म्हणली.

"गॅसवर. हरभऱ्याची डाळ टाकलीय. का वो?"

"शिट्ट्या किती झाल्या?"

उमाबाईचा हात सुपातच थांबला. "एकबी न्हाई बघा. अन् कवाचा ठेवलाय... हे सूप निवडायच्या आधी."

महादेवीनं पिशवी खाली ठेवली. "घरात कोण हाय?"

"कुणी न्हाई. पोरगी मैत्रिणीकडं, हे शेतात."

"अण्णा, ह्यांना घेऊन रस्त्यावर जा."

उंबऱ्याशी तिनं चप्पल काढली. त्या घाईतबी काढली. मी उमाबाईला घेऊन रस्त्यावर गेलो. थोरला मी. आत मी जायला पाहिजे व्हतं. गेलो न्हाई.

रस्त्यावरून दारातून सरळ आतलं दिसत व्हतं. ती भिंतीला लागून खाली बसली अन् बसल्या बसल्या सरकत पुढं गेली. सिलिंडर ओट्याखाली, कुकर वर. तिनं हात लांब केला, रेग्युलेटरचं बटण फिरवलं, अन् तशीच मागं सरकत बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं. चप्पल घातली.

"आता तासभर आत कुणी जायचं न्हाई," म्हणली, अन् उमाबाईच्या शेजारी बसून बियाणं निवडायला लागली.

ऊन भिंतीवरून उतरलं तवा ती आत जाऊन कुकर घेऊन आली. झाकण मधोमध वर फुगलेलं, पुरीसारखं. शिट्टीच्या भोकात सालपट. शेजारी माझा वॉल्व, नवाकोरा. तिनं उमाबाईला सगळं दाखवलं, एकेक करून, काही न झाकता. तेवढ्यात किशनराव शेतातून आले. अंगणात पाहुणे बघून आधी रामराम केला, मग झाकण बघितलं, मग बायकोकडं बघितलं.

"चूक कुणाची म्हणायची ही?" त्यांनी इचारलं. आवाज चढवला न्हाई.

"माझी," महादेवी म्हणली. "मी बसवलं."

मी सुपातल्या बियाण्याकडं बघत राहिलो.

किशनरावांनी झाकणाचा फुगवटा बोटानं चाचपला. मग म्हणले, "लातूरहून एवढ्यासाठी आलात?"

"हाव."

"मग जेवून ऱ्हावा. आता गाडी न्हाई."

महादेवीनं नवं झाकण बसवलं, नवी शिट्टी, खरा वॉल्व. पाणी घालून दोन शिट्ट्या ऐकवल्या. मग त्याच कुकरात उमाबाईनं डाळ परत शिजवली अन् आम्ही ती जेवलो. डाळ चांगली व्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला नऊची बस धरायची व्हती. अंगणात तोंड धुवायला आलो तर पाच-सहा बायका कुकर घेऊन बसलेल्या. उमाबाईनं गल्लीत सांगितलेलं. महादेवी मधी बसून झाकणं उलटी करायली व्हती. पारूबाई म्हणून एक म्हातारी पुढं सरकली अन् कमरेच्या पिशवीतून एक डबी काढली.

"नातवानं मोबाइलवरून मागवलंय. तेवढं बसवून दे बाई. बघ की, कसं चमकतंय."

डबीवर तेच स्टिकर. महादेवीनं डबी उघडली न्हाई. माझ्यापुढं धरली.

"अण्णा, तू बघ."

मी वॉल्व तळहातावर घेतला अन् वरखाली केला. हलका व्हता. मार्चातबी हलकाच असणार.

"हे खोटं हाय," मी म्हणलो. "असलेच पन्नास मी मागवले व्हते. सव्वीस बसले. एक काल ह्या घरात व्हता. हिनं मला इचारलं व्हतं, मी ऐकलं न्हाई."

महादेवीनं वर बघितलं न्हाई, ती रबर काढत व्हती.

"अन् तुम्ही कोण म्हणायचे?" पारूबाईनं इचारलं.

"संगमेश्वर. हिचा थोरला भाऊ. दुकानाच्या पाटीवर नाव माझंच हाय."

"बरं मग पाटीवाले, ह्याचं आता काय करायचं?"

बायका हसल्या. महादेवीनं पिशवीतून अप्पांची हातोडी काढून माझ्याकडं सारली. मी पायरीवर वॉल्व ठेवला अन् ठेचला. पहिला घाव हुकला, दुसरा बसला.

मग तिनं वही माझ्या मांडीवर टाकली. "लिही."

"भांड्यावरचं नाव?"

"न्हाई. बाईचं. अन् फोन नंबर."

मी पेन घेतला अन् लिहिलं, पारूबाई. नंबर तिला पाठ नव्हता. नातवाला बोलावून आणेस्तोवर नऊची बस गेली.